अण्णांचं टपाल

सासऱ्यांनी पोस्टमन असताना वाचून दाखवलेल्या पत्रांवरचं माझं पुस्तक छापून आल्यापासून गावात, माहेरी कराडला, अगदी आमच्याकडे जेवायला येणाऱ्या पर्यटकांतसुद्धा एकच प्रश्न येतोय, की तुम्ही लिहायला कशा काय लागलात? दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. सुरुवात वाचण्यापासून झाली, तेही मोठ्याने, दुसऱ्या माणसाला ऐकू जाईल असं वाचण्यापासून.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, हे आयुष्यभर गावचे पोस्टमन. खात्यात तेव्हा अशा माणसांना ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणायचे, आता ग्रामीण डाक सेवक म्हणतात. मालगुंडच्या पुढे जयगडच्या दिशेला आमचं गाव, आठ वाड्या, मधे कातळ, पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटा, आणि पावसात दोन साकव, म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल, हे सगळं पायी. त्यांना वाचनाचं अतोनात वेड. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, इतकं जुनं वाचनालय आपल्या जिल्ह्यात आहे याचा त्यांना असा अभिमान की मी लग्न होऊन आले तेव्हा देवदर्शनाच्या आधी मला तिथली कपाटं दाखवून आणली होती. मग काचबिंदू झाला. मोतीबिंदू काढला की परत दिसतं तसं याचं नसतं, डोळ्यातला दाब वाढून मागची नस खराब होते आणि गेलेली नजर येत नाही, थेंब घालायचे ते उरलेली टिकवायला. त्यांची आधी कडेची नजर गेली. शब्द दिसायचा पण ओळ सापडायची नाही, एक ओळ संपली की पुढची हरवायची, असं वर्ष-दीड वर्ष चाललं आणि मग शब्दही दिसेना.

माझ्या मुलाने फोनवर ऑडिओबुक लावून दिली. अण्णांनी आठवडाभर ऐकली आणि म्हणाले, वाचणारा चांगलाय पण त्याला मधे थांबवता येत नाही. बटण दाबून थांबवता येतं की, असं मुलगा म्हणाला, पण त्यांना तसं थांबवणं नको होतं, त्यांना विचारायचं असायचं, "असं का म्हणाला असेल गो तो?" आणि याचं उत्तर द्यायला कोणीतरी समोर लागतं. म्हणून संध्याकाळी दिवे लागले की मी वाचायला लागले. आमचं घरगुती जेवणाचं आणि दोन खोल्या भाड्याने द्यायचं काम आहे, डिसेंबरात आणि मे महिन्यात मान वर करायला फुरसत नसते, तरी रात्री भांडी झाल्यावर थोडं तरी वाचायचंच हे ठरलेलं.

मोठ्याने वाचणं वेगळंच काम आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी एकटी वाचायचे तेव्हा वर्णनं सरळ उडवायचे, पटकन संवादावर यायचे. इथे उडवता येत नाही. शिवाय वाईट वाक्य लगेच कळतं, कारण श्वास पुरत नाही, जीभ अडखळते, आणि समोरचा माणूस झोपाळ्याला पायाने रेटा द्यायला लागतो. अण्णांना कंटाळा आला की झोपाळा हलायचा, मन लागलं की स्थिर. मी झोपाळ्यावरून पुस्तकं ओळखायला शिकले. मोठमोठ्या नावाच्या काही पुस्तकांत झोपाळा पहिल्या पानापासून हलत राहिला, आणि कुठल्याशा निवृत्त आगबोटीवरच्या माणसाच्या साध्या आठवणींच्या पुस्तकात तासभर हलला नाही. माझं स्पष्ट मत झालंय की मोठ्याने वाचून बघितल्याशिवाय कुठल्याही पुस्तकाबद्दल मत देऊ नये.

तर वाचता वाचता एकदा पत्राचा प्रसंग आला. नवरा मुंबईहून बायकोला पत्र पाठवतो असं काहीतरी. अण्णा म्हणाले, थांब, असं कोणी लिहीत नसे. मग त्यांनी सांगितलं लोक कसं लिहायचे ते. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की हा माणूस नुसता टपाल वाटत नव्हता, वाचूनही दाखवत होता. बायकांना अक्षर येत नव्हतं. नवरे लालबाग-परळला गिरणीत, गावकीच्या एकेका खोलीत कितीतरी जण, पाळीपाळीने झोपायचे. पगार झाला की मनीऑर्डर यायची, अण्णा पैसे मोजून द्यायचे, अंगठा घ्यायचे, आणि फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावर जो चार ओळींचा निरोप असायचा तो वाचून दाखवायचे. अंतर्देशीय पत्र आलं तर ओटीच्या कडेला बसून ते पूर्ण वाचायचे, मग ती बाई उत्तर सांगायची आणि अण्णा ते लिहून घ्यायचे. एवढ्या वाड्या, एवढी घरं. कोकण मनीऑर्डरवर जगतं असं पुस्तकांत एका ओळीत वाचलं होतं, ती ओळ या माणसाच्या पायाखालून गेलेली.

मी म्हटलं अण्णा हे लिहायला हवं. ते म्हणाले, "ती दुसऱ्याची पत्रं आहेत. मी फक्त वाचली." आणि विषय तिथेच संपला, पुढे बरेच महिने संपलेलाच होता.

मग २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, त्यात पाणी शिरलं आणि पुस्तकांचे चिखलात माखलेले ढीग बघवत नव्हते. २००५ च्या पुरातही त्या वाचनालयाने हे सोसलं होतं. मी अण्णांना ते सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, वरच्या वाडीतल्या काकींकडे ट्रंकेत पत्रं आहेत, जाऊन बघ ओल लागली का, पण उघडून वाचू नकोस, तिला विचार.

कोकणात कागद टिकवणं म्हणजे रोजची लढाई आहे हे घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही, मलाही इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, पुस्तकाच्या कण्यावर पांढरी बुरशी धरते, कसर लागते, आणि भिंतीला टेकून ठेवलं तर वाळवी. आम्ही कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे ठेवतो, कपाट भिंतीपासून लांब ठेवतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळी पुस्तकं बाहेर काढून वारा देतो, थेट उन्हात नाही, सावलीत. काकींच्या ट्रंकेतली वरची पत्रं चिकटली होती, खालची चांगली होती. शाई पसरलेली. त्यांना मी विचारलं वाचू का, तर म्हणाल्या, "माका वाचून दाखव, मग बगू." त्या मूळच्या मालवणकडच्या, म्हणून माका.

मी वाचून दाखवली. त्यांनी ती पत्रं शेवटची अण्णांच्या तोंडून ऐकली होती आणि त्याला चाळीसेक वर्षं झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एका पत्रात फक्त छपराच्या कौलांचा हिशोब होता, किती नळे बदलायचे, कोणाला किती द्यायचे, आणि शेवटी "तू पेज जेवतेस ना" एवढंच. त्या ओळीवर काकी इतक्या मनापासून हसल्या की मीपण हसायला लागले. मग म्हणाल्या लिव, पण नाव नको.

हे अण्णांना येऊन सांगितलं तेव्हा ते बोलायला तयार झाले. अटी घातल्या. ज्या बाईचं पत्र तिला विचारायचं, ती नसेल तर तिच्या मुलांना. गावाचं, वाडीचं नाव नाही. आणि काही पत्रांबद्दल ते बोलणारच नाहीत. मी सगळं कबूल केलं आणि आजवर पाळलंय. एका घरातून स्पष्ट नाही आलं, ते प्रकरण जवळजवळ लिहून झालं होतं आणि खरं सांगते त्यातलं सगळ्यात चांगलं होतं, तरी ते काढलं. लिहिणाऱ्याला वाटतं चांगलं लिहिलं म्हणजे हक्क मिळाला, तसं नसतं, हे मी अण्णांकडून शिकले. पोस्टमनला पत्र हातात मिळतं ते पोचवायला.

मग दोन पावसाळे गेले. आमचं लिहिणं पावसाळ्यातच, कारण गिऱ्हाईक नसतं. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि दुपारी ते ऐकून वहीत उतरवायचं. तासाभराचं बोलणं उतरवायला दोन दोन दुपारी जायच्या, त्यात पागोळ्यांचा आवाज, मधेच कोणी हाक मारलेली, मधेच अण्णा गप्प. पण त्या गप्प बसण्याच्या जागाही मी वहीत लिहून ठेवायचे, "इथे थांबले" असं, आणि नंतर लक्षात आलं की प्रकरणं तिथेच सुरू होतायत.

सगळ्यात मोठी गप्प बसण्याची जागा १९८२ ची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, हे मला शाळेतल्यासारखं माहीत होतं. अण्णांना ते पिशवीच्या वजनावरून माहीत. मनीऑर्डरी आधी कमी झाल्या, मग अर्ध्या रकमेच्या यायला लागल्या, मग बऱ्याच घरांच्या थांबल्याच. पत्रं मात्र यायची, आणि ती अण्णांना वाचून दाखवावी लागायची, या महिन्याला जमत नाही, पुढच्या महिन्याला बघू, म्हशीचं दूध घालायला सुरुवात कर. बायका बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, उभ्या राहून वाट बघायच्या. काही महिने अण्णांनी वाट बदलली होती, खालच्या पाखाडीने न जाता कातळावरून लांबचा वळसा घालून जायचे, कारण पत्र नसलेल्या घरासमोरून रिकाम्या हाताने जाणं जमेना. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. मला सांगितलं ते पण तुकड्या-तुकड्यांनी, आणि मी ते प्रकरण कितीतरी वेळा लिहिलं आणि खोडलं, कारण पहिल्या खर्ड्यात मी फार हळवं केलं होतं आणि अण्णांना वाचून दाखवलं तर झोपाळा हलायला लागला. मग विशेषणं काढत गेले. शेवटी राहिलं ते फक्त वाट, पिशवी, आणि कोणत्या घरी काय वाचलं. झोपाळा थांबला.

आणखी एक गोष्ट. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा आणि वर श्री नसायचं, ते हातात घेतल्याबरोबर कळायचं. असं कार्ड अण्णा जेवणाच्या वेळेला कधी देत नसत. आधी शेजारच्या घरी जाऊन दोन बायकांना बोलावून घ्यायचे आणि मगच ओटीवर चढायचे. टपालखात्याच्या कुठल्या नियमात हे लिहिलेलं नाही.

बायकांचं बोलणं कसं लिहायचं हा वेगळाच झगडा. सुरुवातीच्या काळात अण्णा उत्तरं छान शाळेतल्या मराठीत लिहायचे, सा. न. वि. वि. पासून सगळं. तर एका बाईला नवऱ्याचं उत्तर आलं की हे तू बोललेली नाहीस, कोणी लिहिलंय? पुढच्या वेळी तिने सांगितलं, "मी सांगते तसाच लिवा." तेव्हापासून अण्णा तसंच लिहायला लागले. मग मी पण तसंच लिहायचं ठरवलं. पण मोबाईलवर बोलून टाईप करायला गेलं की तो सगळं शुद्ध करून टाकतो, हाय चं आहे, लिवा चं लिहा. शेवटी सगळं बोटाने टाईप केलं. पुढे डीटीपीला दिलं तर त्यांच्याकडे जुना फॉन्ट, माझं युनिकोड, कन्व्हर्ट केल्यावर अर्धी जोडाक्षरं मोडली, दऱ्या आणि तऱ्हा यांतला र गायब, आणि टाईप करणाऱ्या मुलीने चांगल्या मनाने प्रत्येक बाईचं बोलणं परत प्रमाण मराठीत आणून ठेवलेलं. बिचारीला वाटलं मी अशुद्ध लिहिलंय. तिला समोर बसवून अण्णांचा आवाज ऐकवला, त्या बायकांच्या सुरात ते कसं बोलतात ते, तर तिला इतकं आवडलं की नंतर तीच मला विचारायची की ताई इथे "नाय" हवं ना?

प्रकाशकांचं थोडक्यात सांगते. काहींनी उत्तर दिलं नाही, काहींनी खर्च तुम्ही करा म्हटलं, एकाने बोली काढून टाका म्हटलं. त्या दिवसांत मी मालगुंडला केशवसुतांच्या घरी जाऊन बसायचे, जवळच आहे, १८६६ ला ते जन्मले तिथे आता स्मारक आहे. आधुनिक मराठी कवितेला वळण देणारा माणूस, पण १९०५ मध्ये गेला तोवर त्याच्या नावावर एक संग्रहही छापलेला नव्हता, तो नंतर हरिभाऊ आपट्यांनी काढला. मला त्याने धीर यायचा असं नाही, उलट वाईट वाटायचं की त्याला स्वतःचं पुस्तक हातात धरता आलं नाही. अण्णांचं वय ऐंशीच्या पुढे. मी घरी येऊन सांगितलं की आपण स्वतःच छापू, तीनशे प्रती. आमच्या ह्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही, त्या सीझनचे पैसे बाजूला काढून ठेवले.

छपाईतलं एक गणित नव्या लिहिणाऱ्यांना माहीत असावं म्हणून सांगते. पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. माझी पानं भरली १३७. म्हणजे एकतर १२८ वर आणा, आठ फॉर्म, नाहीतर १४४ करून सात पानं कोरी सोडा आणि जादा कागदाचे पैसे द्या. मी माझं मनोगत आणि माझ्या लग्नानंतरच्या आठवणींचं एक प्रकरण काढलं. आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, अर्ज ऑनलाईन, तेरा आकडी नंबर येतो. मला मधल्या एका माणसाने त्याचे पैसे सांगितले होते, कोणी देऊ नका.

प्रूफं मी सगळी अण्णांना वाचून दाखवली, स्वल्पविरामासकट. डोळ्याने तपासताना न सापडलेल्या चुका कानाने सापडल्या. एके ठिकाणी त्यांनी मला अडवलं की ही बाई असं म्हणालीच नव्हती, आणि मी रेकॉर्डिंग काढून ऐकलं तर त्यांचं बरोबर, शब्द तोच होता पण क्रम वेगळा. इतक्या वर्षांपूर्वीच्या एका साध्या वाक्यातला क्रम.

पुस्तकं आली तो दिवस मी वर्णन करत नाही, आनंद झाला, खूप झाला. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. १९५४ चा कायदा आहे, पुस्तक प्रसिद्ध झालं की प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. आता प्रकाशक आम्हीच. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी पार्सल स्वतः बांधायचं म्हटलं. दिसत नसताना सुतळीची गाठ त्यांनी मारली, कागदाची घडी कशी घालायची, पत्ता कुठे, पाठवणाऱ्याचं नाव कुठे, तिकिटाला जागा किती सोडायची, सगळं मला दटावून दटावून करून घेतलं. आणि मग रत्नागिरीच्या पोस्टात माझ्याबरोबर आले. काउंटरवरच्या मुलाला म्हणाले, आमच्या वाड्यांतल्या बायकांचं बोलणं कोलकात्याला चाललंय, नीट पोचव.

काकींनी पुस्तक घरी नेलं नाही. त्यांच्या ओटीवर मी पूर्ण वाचून दाखवलं, आजूबाजूच्या बायका जमल्या, त्यातल्या दोघी-तिघींनी स्वतःला ओळखलं आणि नाव नसूनही सगळ्यांना सांगून टाकलं की ही मीच. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं की माझ्या पत्रातलं ते अमुक का नाही घातलं. मी अण्णांकडे पाठवलं. ते तिला काय म्हणाले मला माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही.

आता देवरुखकडून एका ताईंनी वडलांच्या पत्रांची पिशवी पाठवलीय, वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि दर आठवड्याला लिहायचे. लिहून विचारलं होतं की वाचाल का. पावसाला सुरुवात झालीय, गिऱ्हाईक थांबलंय. १९७४ पर्यंतची पत्रं वाचून झालीत, अक्षर बारीक आहे, आणि अण्णांचं म्हणणं आहे की हा माणूस त्या वर्षीच्या रेल्वे संपाबद्दल काहीच लिहीत नाही म्हणजे मधली काही पत्रं नक्की गहाळ आहेत, तर ताईंना फोन करून विचार. उद्या करते.